मेपल वृक्षाची काकवी
(नभोवाणीवरून दिलेलें भाषण)



उसाच्या रसाचा गूळ होतो, माडाच्या नि ताडाच्या रसाचाहि गूळ होतो, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु जेथें ऊस उगवत नाहीं आणि माड दृष्टीसहि पडत नाहीं, अशा बर्फाळ मुलुखांतहि एक झाड आपल्या खोडांतून गोड रस देतें, आणि तो रस आटवून तेथील लोक एक प्रकारची काकवी करतात, ही गोष्ट आपल्यापैकीं पुष्कळांच्या केवळ कानांवरून गेली असेल. त्या झाडाचें नांव मेपल. कॅनडाच्या निशाणावर १९६५ सालापासून जें तांबडें पान झळकत आहे, तें मेपलचेंच. कॅनडाचे क्वेबेक व ऑन्टॅरिओ हे प्रांत आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं व्हरमॉन्ट, न्यू यॉर्क, मेन इत्यादि संस्थानें, ह्या टापूंत त्याचीं मोठमोठीं रानें आहेत. जगांत होणाऱ्या मेपलच्या काकवीपैकीं शेंकडा सत्तरांच्या आसपास एकट्या क्वेबेक प्रांतांत तयार होते.

आज आपल्यापैकीं कित्येकांचीं मुलें-नातवंडें टोरांटो, मॉन्ट्रियल, बॉस्टन अशा शहरांच्या आसपास घरें करून राहिलीं आहेत, आणि कांहींच्या परसांत हें झाड उभें आहे. हिवाळा सरत आला, शेजाऱ्यांनीं झाडांना बादल्या टांगल्या, कीं आपल्या मुलांनाहि हौस वाटते. माझी मुलगी ऑन्टॅरिओ प्रांतांत असते. तिच्या परसांतील दोन झाडांचा रस आटविण्याचें काम मीं लागोपाठ दोन वर्षें केलें. त्यावरून आणि त्या विषयावरील वाचनावरून, नवशिक्यास उपयोगी पडेल तेवढें आज सांगणार आहें.

आरंभींच एक गोष्ट मनाशीं पक्की करावी. ह्या काकवींत आपण बाहेरून कांहींच घालीत नाहीं. साखर झाडाची, स्वादाचें मूळहि झाडांतलेंच. आपण करावयाचें तें एवढेंच, कीं त्यांतील पाणी काढून टाकावयाचें. हें ऐकण्यास फार सोपें वाटतें. पण आटविणें कोणासहि जमतें. थांबणें मात्र शिकावें लागतें. झाडापासून किती घ्यावें, हंगाम कोठें संपवावा, आणि विस्तव केव्हां बंद करावा, ह्या तिन्ही ठिकाणीं ज्याला वेळेवर थांबतां येतें, त्याची काकवी सहसा बिघडत नाहीं आणि त्याचें झाडहि सुखी राहतें.

हा रस येतो कसा, हें प्रथम पाहूं. उन्हाळ्यांत मेपलचीं पानें जें अन्न तयार करतात, त्याचा कांहीं अंश पिठूळ सत्त्वाच्या म्हणजे स्टार्चच्या रूपानें खोडांत सांठून राहतो. थंडी पडली कीं त्या स्टार्चची साखर होऊन ती खोडांतील पाण्यांत उतरते. पुढें हिवाळा सरतां सरतां असे दिवस येतात, कीं रात्रीं पाणी गोठतें आणि दिवसा ऊन पडून तें वितळतें. मेपलच्या लाकडांतील तंतूंच्या पोकळ्या बहुतांशीं वायूनें भरलेल्या असतात. रात्रीं गारठ्यानें हा वायु आकुंचन पावतो, जवळचें पाणी त्या पोकळ्यांकडे ओढलें जाऊन तेथें बर्फ होऊन बसतें, आणि त्या ओढीनें मुळांतून आणखी पाणी वर चढतें. दिवसा बर्फ वितळला, म्हणजे कोंडलेला वायु प्रसरण पावून त्या पाण्याला बाहेर रेटतो. अशा वेळीं खोडाला भोंक असेल, तर त्यांतून रस टपटप गळूं लागतो.

म्हणून रात्रीं शून्याखालीं पांच अंश आणि दिवसा शून्यावर पांच अंश सेल्सियस, असें हवामान ह्या कामास उत्तम समजतात. रात्र गोठली नाहीं, कीं रसाचा ओघ मंदावतो. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत, त्या त्या ठिकाणच्या थंडीप्रमाणें, चार ते सहा आठवडे हा क्रम चालतो. पृथ्वीचें हवामान तापत चालल्यामुळें हा हंगाम आतां पूर्वीपेक्षां लौकर सुरू होऊं लागला आहे. तेव्हां आजोबांच्या वेळची तारीख न धरतां उष्णतामापक पाहूनच भोंक पाडावें.

ही विद्या गोऱ्या वसाहतवाल्यांची नव्हे. अनिशिनाबे, हॉडेनोशोनी, अबेनाकी इत्यादि तेथील मूळच्या लोकांना ती त्यांच्या आगमनापूर्वींच अवगत होती. बर्च झाडाच्या सालीच्या भांड्यांत रस धरून, त्यांत तापविलेले दगड टाकून ते तो आटवीत. रात्रीं वर जमलेला बर्फाचा थर फेकून देऊनहि ते रस दाट करीत. काकवीपेक्षां कोरडी साखर करण्याकडे त्यांचा कल असे, कारण ती टिकते आणि प्रवासांत नेतां येते. वसाहतवाल्यांनीं धातूच्या कढया आणल्या, पण कृति ह्या लोकांपासूनच उचलली. पुढें ज्यांनीं ती शिकविली त्यांच्याच ताब्यांतून तीं रानें गेलीं, हें काकवी चाखतांना विसरूं नये.

ह्या साखरेच्या इतिहासांत आणखी एक प्रकरण आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस उसाची साखर वेस्ट इंडीजच्या मळ्यांतून येई, आणि तेथें राबत ते गुलाम. फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश ह्यांनीं १७९१ सालीं टॉमस जेफरसन ह्यांस पत्र लिहून मेपलच्या साखरेचा पुरस्कार केला. शेतकऱ्यानें आपल्याच कुटुंबाच्या हातांनीं केलेली साखर लोकांनीं खावी, म्हणजे गुलामांच्या घामाची साखर खाण्याचें कारण उरणार नाहीं, असा त्यांचा आशय होता. जेफरसन ह्यांनीं त्याच वर्षीं व्हर्जिनियांतील आपल्या माँटिसेलो येथील जमिनींत मेपलचीं रोपें लावलीं. पण ती लागवड साधली नाहीं. स्वतः जेफरसन ह्यांच्या पदरीं शेंकडों गुलाम होते, ही गोष्टहि येथें सांगितली पाहिजे.

आतां थोडें गणित. उसाच्या रसांत साखर शेंकडा अठराच्या आसपास असते. साखर-मेपल ह्या उत्तम जातीच्या झाडाच्या रसांत ती शेंकडा दोनच. जिभेवर ठेवल्यास पाणी किंचित् गोड आहे, एवढेंच कळतें. तयार काकवींत मात्र साखर शेंकडा सहासष्ट ते सदुसष्ट असावी लागते. तेव्हां एक लिटर काकवीला किती रस लागेल? तेथील लोकांचा एक सोपा आडाखा आहे: ८६ ह्या संख्येला रसांतील साखरेच्या शेंकडा प्रमाणानें भागावें. दोन टक्क्यांचा रस असेल, तर ८६ भागिले २, म्हणजे ४३ लिटर. तांबड्या किंवा रुपेरी मेपलचा रस बहुधा ह्याहून फिका असतो. तो एकच टक्का निघाला, तर ८६ लिटर. एका तोटीवाटे चांगल्या हंगामांत सुमारें चाळीस लिटर रस मिळतो. म्हणजे एका तोटीची वर्षाची प्राप्ति एक लिटरहूनहि थोडी कमी. हा हिशेब ज्याला आधीं कळला, त्याची पुढें निराशा होत नाहीं. दुकानांतून खऱ्या मेपलच्या काकवीची किंमत इतकी कां, आणि तिच्या शेजारींच मिळणारें, मक्याच्या पाकाला वास लावलेलें सिरप इतकें स्वस्त कां, ह्याचेंहि उत्तर ह्या भागाकारांतच आहे.

झाडाची निवड शरद् ऋतूंतच, पानें अंगावर असतांना, करून ठेवावी. कारण हिवाळ्यांत सर्व निष्पर्ण झाडें नवख्याला सारखींच दिसतात. मेपलचीं पानें व डहाळ्या समोरासमोर जोडीनें येतात, आणि साखर-मेपलच्या पानाला बहुधा पांच टोंकदार खंड असतात. ओळख पटलेल्या झाडाला एखादी फीत बांधून ठेवावी. झाड रस्त्याच्या कडेचें किंवा शेजाऱ्याच्या हद्दींतलें असेल, तर परवानगीवांचून त्याला हात लावूं नये.

झाड केवढें असावें? छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास निदान तीस सेंटिमीटर, म्हणजे घेर सुमारें पंचाण्णव सेंटिमीटर, असावा. अशा झाडाला एकच तोटी लावावी. व्यास पंचेचाळीस सेंटिमीटरहून अधिक असेल, तर दोन. ह्यापेक्षां अधिक लावण्याचा मोह आवरावा. ही आपली पहिली थांबण्याची जागा. झाडाला पाडलेलें भोंक आपल्या कातडीवरील जखमेप्रमाणें भरून येत नाहीं. झाड त्या जागेच्या वरचें व खालचें लाकूड कायमचें बंद करून टाकतें, आणि त्याच्या भोंवतीं नवें लाकूड वाढवितें. बंद केलेल्या त्या पट्ट्यांतून पुन्हां रस वाहत नाहीं. म्हणून पुढील वर्षाचें भोंक जुन्या भोंकाच्या सरळ वर किंवा खालीं न पाडतां बाजूला, पुरेसें अंतर सोडून, पाडावें लागतें. झाडाच्या वाढीच्या वेगानेंच त्याच्यापासून घ्यावें, हा त्यांतील अर्थ. एवढें पथ्य पाळलेलीं झाडें पिढ्यान् पिढ्या रस देत आलीं आहेत.

भोंक पाडण्यास स्वच्छ व धारदार गिरमिट घ्यावें. आतांच्या तोट्यांना आठ मिलिमीटर रुंदीचें भोंक पुरतें. खोली चार ते पांच सेंटिमीटर, आणि उतार किंचित् बाहेरच्या बाजूस, म्हणजे रस आंत तुंबत नाहीं. बाहेर येणारा भुसा पांढुरका असेल, तर लाकूड निरोगी आहे. तो काळपट असेल, तर ती जागा मृत समजावी. तोटी हातोडीनें हलकेंच ठोकावी. जोर केल्यास साल फाटते आणि रस भलतीकडूनच झिरपतो. खालीं झांकण असलेली बादली टांगावी, किंवा नळी लावून ती अन्नास योग्य अशा डब्यांत सोडावी. जुन्या बाजारांत शोभेच्या म्हणून मिळणाऱ्या पत्र्याच्या बादल्या मात्र वापरूं नयेत. त्यांच्या सांध्यांना पुष्कळदां शिशाचा डाख असतो, आणि शिसें हें विष आहे, विशेषतः मुलांना.

रस दुधासारखा नाशिवंत आहे, हें घरांतील सर्वांना बजावून ठेवावें. तो रोजच्या रोज काढून, गाळून, शीतकपाटांत किंवा बर्फांत खोंचून ठेवावा, आणि दोन-चार दिवसांत आटवावा. बादलींत वर बर्फाचा थर आला, तर तो काढून टाकण्यास हरकत नाहीं. पाणी गोठतांना साखर बहुतेक मागें द्रवांतच राहते, म्हणून तेवढें जळण फुकट वांचतें. मूळ लोकांची ही युक्ति आजहि तितकीच उपयोगी आहे.

आतां आटविणें. तें घरांत करूं नये. एक लिटर काकवीसाठीं बेचाळीस लिटर पाण्याची वाफ करावयाची असते. ती वाफ स्वयंपाकघरांत सोडली, तर भिंतींना पाणी सुटतें, चिकटविलेले कागद निघून येतात, आणि सर्व वस्तूंवर चिकट लेप बसतो. म्हणून अंगणांत, वाऱ्याचा आडोसा पाहून, तीन बाजूंनीं विटा रचून चूल करावी आणि तीवर स्टेनलेस पोलादाचें पसरट, उथळ भांडें ठेवावें. उंच पातेलें कामाचें नाहीं. आपल्याकडील गुऱ्हाळांतील काहीलहि पसरट असते, त्याचें कारण हेंच. रसाचा पृष्ठभाग जितका मोठा, तितकी वाफ अधिक. चांगला जाळ असल्यास एका चौरस फुटामागें तासाला सुमारें तीन-चार लिटर पाणी उडून जातें. दोन चौरस फुटांच्या भांड्यांत चाळीस-पंचेचाळीस लिटर रस आटविण्यास सहा-सात तास लागतील, असें धरून सकाळींच चूल पेटवावी.

भांड्यांत रस दोन बोटें तरी खोल राहील अशी काळजी घ्यावी. कमी होतांच नवा रस, शक्यतों तापवून, थोडाथोडा घालीत राहावें, म्हणजे उकळी मोडत नाहीं. वर येणारी मळी झाऱ्यानें काढावी. फेस उतूं जाऊं लागला, तर लोण्याचा लहानसा कण टाकावा. तो तत्काळ बसतो. आपला गुळव्याहि काहिलींत तेलाचे थेंब टाकतो, तो ह्याचसाठीं. हळूहळू पाण्यासारखा रस पिवळसर, मग मधासारखा होऊं लागतो. हा रंग आणि तो विशिष्ट स्वाद कच्च्या रसांत नसतात. ते ह्या दीर्घ उकळण्यांतून जन्मास येतात. हंगामाच्या आरंभींची काकवी फिकी व सौम्य, आणि अखेरची गडद व उग्र होते. कारण हवा तापते तसतसे रसांतील सूक्ष्म जंतु वाढून साखरेचें रूप बदलतात, आणि ती लौकर करपते.

पाण्याच्या उत्कलनबिंदूहून दीड-दोन अंश वर उष्णता गेली, म्हणजे दाट झालेला रस लहान पातेल्यांत काढून स्वयंपाकघरांतील शेगडीवर न्यावा. आतां वाफ थोडीच उरलेली असते. येथून पुढें मात्र जागेवरून हलूं नये, टेलिफोन वाजला तरी घेऊं नये, आणि लहान मुलांस जवळ येऊं देऊं नये. साखरेचा पाक पाण्यापेक्षां अधिक तापतो आणि अंगाला चिकटून भाजतो.

काकवी झाली हें ओळखावें कसें? शुद्ध पाणी ज्या उष्णतेला उकळतें, तिच्याहून चार अंश, अगदीं नेमकें सांगावयाचें तर ४.१ अंश सेल्सियस, वर काकवी उकळते. समुद्रसपाटीला पाणी शंभर अंशांवर उकळतें, परंतु उंच जागीं त्याहून कमी उष्णतेवर, आणि हवेचा दाब बदलला तर त्याच जागींहि रोज थोडा फरक पडतो. म्हणून त्याच दिवशीं, त्याच उष्णतामापकानें, आधीं साधें पाणी उकळवून आंकडा टिपून ठेवावा आणि त्यांत चार मिळवावे. दुसरी खूण जुनी आहे. पळी पाकांत बुडवून आडवी धरावी. थेंब एकामागून एक पडत असतील, तर अवकाश आहे. ते कडेला एकत्र येऊन पदरासारखे पसरून तुटूं लागले, कीं काकवी झाली. आपल्या गृहिणींना एकतारी पाक ठाऊक आहे. हा टप्पा त्याच्या किंचित् अलीकडचा.

ही थांबण्याची जागा सर्वांत अवघड कां, तेंहि गणितानेंच कळतें. एक लिटर काकवीच्या हिशेबानें, दोन टक्क्यांपासून साठ टक्क्यांपर्यंत येण्यास बेचाळीस लिटरांहून अधिक पाणी उडवावें लागतें, आणि त्यांत दिवस जातो. साठांपासून सदुसष्टांपर्यंत येण्यास उडतें तें केवळ दीडशें ग्रॅम पाणी. सदुसष्टांवरून सत्तरांवर जाण्यास तर साठ ग्रॅमहि लागत नाहीं, म्हणजे चार मोठे चमचेसुद्धां नव्हेत. दिवसभर जाळाशीं बसलेला माणूस थकतो, पाक आतां होईलच म्हणून उठून जातो, आणि परत येतो तों काकवी दगड झालेली किंवा करपून काळी पडलेली. सबंध झाडाचें दान अशा चार चमच्यांत वाया जातें. उलट, उतावळेपणानें लौकर उतरविली, तर काकवी पातळ राहून आंबते, तिला बुरशी येते. थोडी अधिक आटली, तर बाटलीच्या तळाशीं खडे जमतात. फारच आटली, तर तिची साखर होते. आणि पूर्वींचे लोक तर मुद्दाम तीच करीत.

तयार काकवींत बारीक वाळूसारखा गढूळ अंश दिसतो. ती खरी वाळू नव्हे. रसांतील क्षार, मुख्यतः चुन्याचा, आटतांना वेगळा होऊन बसतो. काकवी गरम असतांनाच दाट लोकरी किंवा फेल्टच्या गाळण्यांतून ती गाळावी. निवल्यावर ती गळत नाहीं. मग सुमारें पंच्याऐंशी अंशांवर ठेवून, स्वच्छ, गरम केलेल्या बाटल्यांत कांठोकांठ भरावी, बूच घट्ट लावावें, आणि बाटली क्षणभर आडवी करावी, म्हणजे बुचाची आंतली बाजूहि उष्णतेनें निर्जंतुक होते. बंद बाटली पुष्कळ दिवस टिकते. उघडलेली मात्र शीतकपाटांत ठेवावी. घावन, आंबोळी किंवा गरम पोळी, कशाहि बरोबर ती रुचकर लागते.

शेवटीं हंगाम संपविण्याविषयीं. एके दिवशीं डहाळ्यांच्या टोंकांवरील कळ्या फुगूं लागतात. त्या सुमारास रसाचें अंतरंग बदलतें. त्याची काकवी केली तर तिला एक कडवट, नकोसा वास येतो, आणि तो कितीहि आटविल्यानें जात नाहीं. रस अजून गळत असतो, बादल्याहि भरत असतात, म्हणून मन सोडावयास तयार होत नाहीं. तरीहि थांबावें. ह्यापुढील साखर झाडाला नव्या पालवीसाठीं हवी आहे. तोट्या काढून गरम पाण्यानें धुवाव्या, उन्हांत वाळवाव्या आणि पुढील वर्षासाठीं ठेवून द्याव्या. भोंकांत खुंटी, मेण किंवा माती कांहींहि भरूं नये. तें बंद करण्याचें काम झाड स्वतः, आपल्या गतीनें, उत्तम करतें. पुढील वर्षीं त्या जागेवर नव्या सालीची गांठ उमटलेली दिसली, म्हणजे आपण घेतलें तें झाडाला सोसलें, असें समजावें, आणि गिरमिट दुसऱ्या जागीं लावावें.